जागल्याचे घर : सातारा प्रकरणातील नातलगांविषयी

जुन्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक गावनोकर असे. गाव निजले की त्याने हाळी देत फिरावे, परका माणूस दिसला तर पाटलाला कळवावे, चोरी झाली तर आधी त्यालाच जाब द्यावा लागे. मान कमी आणि जोखीम मोठी, असे ते काम. अलीकडे आपली वृत्तपत्रे कचेरीतला किंवा सत्तेच्या दालनातला गैरकारभार उघडकीस आणणाऱ्या माणसाला ‘जागल्या’ म्हणू लागली आहेत. हा शब्द ज्याने प्रथम योजला त्याला दाद दिली पाहिजे, कारण नव्या अर्थातही मान आणि जोखीम यांचे प्रमाण जुनेच राहिले आहे.

मात्र जागल्याविषयी बोलताना आपण बहुधा त्याच्या एकट्याविषयी बोलतो. त्याचे धैर्य, त्याचा हट्ट, त्याला झालेली शिक्षा एवढ्यावर चर्चा संपते. परंतु जागल्याला घर असते. त्या घरात आई असते, भाऊ असतो, मुलगा असतो. ज्याची हाळी बंद पाडायची आहे तो स्वतः हाती लागला नाही, तर त्याचे घर हाती लागते. राजकारणाची धार असलेल्या खटल्यांत नातलगांचे काय होते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात एका जुन्या प्रकरणाच्या आधारे पाहावयाचा आहे. ते प्रकरण म्हणजे साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांची पदच्युती आणि त्यासाठी विलायतेत दाद मागणारे त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते.

कारंज्यात बसून साताऱ्याचा विचार कशाला, असे कुणी म्हणेल. एक तर १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजा थेट आपल्या गावापर्यंत आल्या होत्या, तेव्हा साताऱ्याच्या गादीशी कारंज्याची ओळख तशी जुनी आहे (ती ओळख आपल्या तेव्हाच्या सावकारांना फारशी सुखाची झाली नाही, ही गोष्ट वेगळी). दुसरे असे की, प्रतापसिंहांवर जे तीन आरोप ठेवले गेले त्यांतला एक नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचा होता. आणि ज्या डलहौसीने १८४८ मध्ये सातारा खालसा केले त्याच्याच कारकिर्दीत, १८५३ च्या तहाने, आपला वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली गेला. धागा एकच आहे.

प्रकरणाची मांडणी थोडक्यात अशी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर कंपनीने प्रतापसिंहांना साताऱ्यास गादीवर बसविले आणि १८१९ मध्ये त्यांच्याशी तह केला. कंपनीच्या परवानगीवाचून राजाने बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करू नये, असे एक कलम त्या तहात होते. राजा उद्योगी निघाला. त्याने रस्ते बांधले, शाळा काढली, कारभारात लक्ष घातले. १८३५ मध्ये कंपनीच्या लंडनमधील डायरेक्टरांनी खूष होऊन त्याच्यासाठी एक रत्नजडित तलवार आणि गौरवाचे पत्र पाठविले. ही तलवार व हे पत्र मुंबई सरकारने त्याला कधी दिलेच नाही. कारण तोवर जहागिरींच्या मालकीवरून मुंबई सरकार आणि राजा यांच्यात वाद पेटला होता, आणि मुंबईकर ऐकत नाहीत तर आपण विलायतेस वकील पाठवून दाद मागू, असे राजाने ठरविले होते. हाताखालच्या माणसाने आपल्या डोक्यावरून वर तक्रार न्यावी, हे कोणत्याही कचेरीला रुचत नाही. मुंबईच्या कचेरीलाही ते रुचले नाही.

यानंतर आरोप आले. २३ व्या पलटणीतील देशी अंमलदारांना फितविण्याचा प्रयत्न, गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नराशी गुप्त पत्रव्यवहार आणि जोधपुरास आश्रय घेतलेल्या आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, असे हे तीन आरोप होते. १८३६ मध्ये चौकशीसाठी एक गुप्त मंडळ बसले. रेसिडेंट लॉडविक, कर्नल ओव्हान्स आणि सरकारचे चिटणीस विलोबी हे तिघे त्याचे सभासद. आरोपीला आपल्या विरुद्धचा पुरावा नीट पाहू द्यावा, साक्षीदारांची उलटतपासणी करू द्यावी, असा उघड खटला राजाच्या वाट्याला शेवटपर्यंत आला नाही. म्हणूनच मी याला ‘सातारा खटला’ न म्हणता ‘सातारा प्रकरण’ म्हणत आहे.

येथे पहिली नातलग येते. राजाचे दिवाण गोविंदराव यांना पलटणीच्या आरोपात अटक झाली आणि त्यांना साताऱ्याबाहेर नेऊन पुढे अहमदनगरास कैदेत ठेवण्यात आले. त्यांच्यावर खटला झाला नाही. घरी त्यांची आई होती, गिरजाबाई. १८३७ मध्ये या गिरजाबाईच्या नावाचा एक अर्ज मुंबई सरकारकडे पोचला. माझ्या मुलाने जे केले ते राजाच्या सांगण्यावरून केले, राजाचे बेत असे असे आहेत, माझ्या मुलावर दया करा, असा त्याचा एकंदर आशय. सरकारच्या दृष्टीने हा अर्ज मोलाचा होता. त्यात राजावरील आरोपांना आतल्या गोटातून दुजोरा मिळत होता; तोही एका आईच्या तोंडून, जिचे राजाशी वैर असण्याचे काही कारण नव्हते. पुढे कैदेतल्या गोविंदरावांनी जो जबाब दिला तोही या अर्जाशी जुळता होता.

गिरजाबाईने मात्र हा अर्ज आपला नाही असे सांगितले. तो लिहिणारा कृष्णाजी सदाशिव भिडे नावाचा गृहस्थ होता. लॉडविकच्या जागी रेसिडेंट म्हणून आलेल्या ओव्हान्सला हे कळले, पण ते त्याने बराच काळ वर कळविले नाही. आणि पुढे या कृष्णाजीनेच, आपल्या कामाचा ठरलेला मोबदला मिळाला नाही अशी तक्रार करीत, सरकारकडे अर्जांवर अर्ज केले, तेव्हा ही सारी हकीगत कागदावर आली. जागल्या नेहमी सज्जनच असतो असे नाही, याचा हा चांगला दाखला आहे. कृष्णाजीला सत्याची चाड नव्हती, त्याला पैसे हवे होते. परंतु त्याच्या लोभाने जे उघड केले ते राजाच्या सगळ्या निष्ठावंतांना मिळून उघड करता आले नव्हते. सत्य सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध आहे की नाही, एवढ्यावरून त्याच्या सांगण्याची किंमत ठरवू नये, असे या ठिकाणी वाटते. कागद काय म्हणतो ते पाहावे.

पण आपला विषय कृष्णाजी नाही, गिरजाबाई आहे. तिच्या स्थितीचा विचार करून पाहावा. मुलगा परमुलखात कैदेत आहे. त्याच्यावरचा आरोप नेमका काय हे कुणी सांगत नाही. सुटकेचा मार्ग कोणता, तर राजाविरुद्ध बोलणे. ती बोलत नाही, म्हणून तिच्या वतीने दुसराच कोणीतरी बोलतो आणि तिचे नाव खाली घालतो. आता तिने ‘हा अर्ज माझा नाही’ म्हटले तर मुलाच्या सुटकेची एक आशा ती स्वतःच्या हाताने पुसते, आणि न म्हटले तर ज्याचे मीठ घरात आले त्या राजाचा गळा तिच्या नावाने कापला जातो. तिने पहिली गोष्ट केली. या प्रकरणावर जे लिहिले गेले आहे त्यात राजाचा बाणेदारपणा, रंगो बापूजींची चिकाटी यांचे पुष्कळ वर्णन येते, आणि ते योग्यच आहे. परंतु या बाईच्या नकाराला जेवढे महत्त्व द्यावयास हवे तेवढे दिले गेलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

नातलगाला धरून माणसाला वाकविणे ही काही इंग्रजांनी आणलेली रीत नव्हे. आपल्या भाषेत ‘ओलीस’ हा शब्द पूर्वीपासून आहे. १६४८ मध्ये आदिलशाहीने शहाजीराजांना कैद केले, त्यामागे शिवाजी महाराजांना आवरण्याचा हेतू होताच, आणि वडिलांच्या सुटकेसाठी कोंढाणा सोडावा लागला. १६८९ मध्ये रायगड पडल्यावर येसूबाई आणि बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले. शाहू १७०७ मध्ये सुटले आणि येसूबाई त्यानंतर बारा वर्षांनी, १७१९ मध्ये. या सर्व उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. ओलीस ठेवणारा ते लपवीत नसे. आम्ही तुझे माणूस धरले आहे, आता तू झुक, असा उघड व्यवहार असे. कंपनी सरकार मात्र कायद्याचे राज्य म्हणवून घेत होते, त्याला असे उघड करता येत नव्हते. त्याला कागद लागत होता. म्हणून आईला कैद न करता आईच्या नावाचा अर्ज तयार झाला. सत्तेचे रूप बदलले तसे ओलिसाचेही रूप बदलले. पूर्वी नातलगाचे शरीर धरीत, आता त्याचे नाव आणि त्याची सही पुरू लागली.

ऑगस्ट १८३९ मध्ये नवे गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आले. तुम्ही चुकलात असे लिहून द्या, म्हणजे गादी राहील, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. प्रतापसिंहांनी सही नाकारली. सप्टेंबर १८३९ च्या आरंभी त्यांना वाड्यातून नेण्यात आले, आधी साताऱ्याजवळच्या लिंब गावी आणि मग काशीला. त्यांच्यासोबत त्यांचे आप्त बाळासाहेब सेनापती यांनाही हद्दपार केले होते. ते आजारी होते. प्रवास थांबला नाही आणि वाटेतच त्यांचा अंत झाला.

सगळेच नातलग सोसतात असेही नाही. प्रतापसिंहांचे सख्खे भाऊ आप्पासाहेब कंपनीच्या बाजूला गेले आणि शहाजी या नावाने गादीवर बसले. त्यांच्यावर मी येथे फार लिहीत नाही. एवढेच सांगतो की ५ एप्रिल १८४८ रोजी ते वारले, मरणापूर्वी काही तास त्यांनी दत्तक घेतला होता, आणि कंपनीने तो दत्तक मान्य न करता सातारा खालसा केले. डलहौसीच्या त्या धोरणात बळी गेलेले हे पहिले राज्य. ज्या भावाने कंपनीला साथ दिली त्याच्याही वारसाला कंपनीने ओळखले नाही.

आता रंगो बापूजी. रोहिडखोऱ्यातील दादाजी नरसप्रभू देशपांडे यांच्या घराण्यात त्यांचा जन्म. या घराण्याविषयी एक गोष्ट येथे नोंदविण्याजोगी आहे. १६४५ चे म्हणून एक पत्र प्रसिद्ध आहे, शिवाजी महाराजांनी दादाजींना लिहिलेले. स्वराज्याच्या कामात पडल्याबद्दल आदिलशाही अंमलदारांकडून धमकी आल्याने दादाजींचे वडील हवालदिल झाले, तेव्हा महाराजांनी त्यांना धीर दिला, असा त्याचा विषय आहे. त्या पत्राच्या अस्सलपणाविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, तो वाद येथे सोडवावयाचा नाही. पण पत्र खरे असो वा मागाहून रचलेले, मुलाने घेतलेल्या बाजूची झळ बापाला कशी लागते हे ते लिहिणाऱ्याला चांगलेच ठाऊक होते.

रंगो बापूजी १८४० पासून लंडनमध्ये होते. सोबतचे वकील परत फिरले तरी ते राहिले. लीडनहॉल स्ट्रीटवरील कंपनीच्या कचेरीत भागीदारांची जी सभा भरत असे, तिच्यात ते प्रकरण पुन्हा पुन्हा काढले गेले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांच्यासारखे इंग्रज त्यांच्या बाजूने बोलले. साताऱ्याचे माजी रेसिडेंट ब्रिग्ज हे बोलले. आणि विशेष म्हणजे लॉडविक बोलले. महाबळेश्वरला सहलीला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी लॉडविक पॉइंट पाहिला असेल. तेच हे लॉडविक, १८३६ च्या गुप्त मंडळाचे एक सभासद. ज्या चौकशीत आपण बसलो होतो तिच्यावर निवृत्तीनंतर उघड सभेत बोट ठेवणे सोपे नाही. ‘जागल्या’ हा शब्द आजच्या काटेकोर अर्थाने लावायचा, तर या प्रकरणात तो सर्वांत जास्त लॉडविक यांना शोभतो. रंगो बापूजी आतले माणूस नव्हते. आतल्या माणसांनी सांगितलेले चव्हाट्यावर मांडण्याचे काम त्यांनी केले. गिरजाबाईच्या अर्जाची हकीगत, कृष्णाजीचे कबुलीअर्ज, ओव्हान्सचे मौन हे सारे लंडनमध्ये छापले गेले आणि चर्चेला आले ते या खटपटीमुळे.

फळ मात्र मिळाले नाही. १८४७ मध्ये काशीत प्रतापसिंह वारले, तरी रंगो बापूजी थांबले नाहीत. १८५३ मध्ये ते परतले. तेरा-चौदा वर्षांत मनुष्य मोडून जातो. कर्ज झाले होते, राज्य उरले नव्हते, राजा उरला नव्हता. त्यांचा मुलगा सीताराम याची ही वर्षे इकडे, वडिलांवाचून गेली. लंडनमधला बाप सभेत काय बोलतो आहे याच्या बातम्या घरी किती पोचत असतील, आणि पोचल्या तर त्यांनी घराचे भले होई की बुरे, हे सांगणारा कागद नाही. कल्पना मात्र करता येते.

१८५७ मध्ये उत्तरेकडील उठावाची बातमी आली तेव्हा साताऱ्यातही कटाचा सुगावा लागल्याचे सरकारने जाहीर केले. जूनमध्ये पहिली फाशी झाली. प्रतापसिंहांच्या विधवा राण्या आणि दत्तक मुलगा यांना उचलून मुंबईजवळच्या बुचर बेटावर नेण्यात आले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. काहींना फाशी देण्यात आले, काहींना तोफेच्या तोंडी दिले, काहींना गोळ्या घातल्या. त्या सतरा जणांत सीताराम होता. रंगो बापूजी सापडले नाहीत.

येथे अभ्यासकाने सावध राहिले पाहिजे. सीताराम केवळ रंगो बापूजींचा मुलगा म्हणून मारला गेला, असे म्हणणे भावनेला पटते, पण ते सिद्ध करता येत नाही. विलायतेत अर्ज-विनंत्यांचे सर्व मार्ग संपल्यावर परतलेले रंगो बापूजी १८५७ मध्ये उठावाच्या जुळवाजुळवीत होते, असे मानण्यास आधार आहे. तेव्हा मुलगाही त्यात असणे असंभवनीय नाही. काही लेखक त्याला हुतात्मा म्हणताना त्याच्या स्वतःच्या कर्तृत्वाचा मान देतात, काही त्याला निरपराध बळी ठरवितात. दोन्ही एकदम खरे असू शकत नाही. माझ्या मते अडचण अशी की, आपल्याजवळ जो पुरावा आहे तो शिक्षा देणाऱ्यांच्याच बाजूचा आहे, आणि ज्या राजवटीने वीस वर्षांपूर्वी एका आईच्या नावाने अर्ज तयार झालेला चालवून घेतला तिच्या चौकशीवर मुलाच्या बाबतीत किती विश्वास टाकावा? एकदा खोटा कागद पुराव्यात शिरला की पुढच्या खऱ्या कागदांचीही पत जाते. मुलगा कटात होता की नव्हता हे आज आपल्याला खात्रीने सांगता येत नाही, ते त्या जुन्या अर्जामुळे. गिरजाबाई आणि सीताराम यांच्यातला संबंध मला असा दिसतो.

आता हे सारे जुने झाले म्हणावे, तर तसेही नाही. २०१० च्या जानेवारीत तळेगाव दाभाडे येथे सतीश शेट्टी यांचा खून झाला. माहितीच्या अधिकाराचा वापर करून त्यांनी जमिनीचे व्यवहार उघडकीस आणले होते. त्यानंतर न्यायालयाचे उंबरे झिजविण्याचे काम भावाच्या वाट्याला आले. गैरकारभार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये मंजूर केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली, पण त्यानंतर दहा वर्षांनीही त्याचा अंमल सुरू झाला नव्हता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना मान्य केली. तिच्यात साक्षीदाराबरोबर त्याच्या कुटुंबीयांना असलेल्या धोक्याचाही विचार केला आहे. धमकी साक्षीदाराच्या घराला येते, ही गोष्ट इतक्या वर्षांनी का होईना, पण अधिकृत कागदावर आली.

रंगो बापूजींवर प्रबोधनकार ठाकरे यांनी १९४८ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला; आपल्यापैकी ज्यांना या विषयात रस वाटेल त्यांनी तेथून सुरुवात करावी. त्यानंतर पार्लमेंटच्या हुकमाने छापले गेलेले साताऱ्याचे इंग्रजी कागद चाळावेत. ते रूक्ष आहेत आणि त्यांतली आपल्या माणसांच्या नावांची स्पेलिंगे ओळखू येईपर्यंत जीव मेटाकुटीला येतो. गोविंदराव, कृष्णाजी, ओव्हान्स यांची नावे त्यांत पानोपानी आढळतात. गिरजाबाईचे नावही बऱ्याच वेळा येते, पण ते बहुतेक ठिकाणी तिने न लिहिलेल्या त्या अर्जाच्या संदर्भात.